वर तपकिरी, पोटात करडी: पूरमैदानातली काहीशी चिबड जमीन कोणत्या वर्गात टाकायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नदीच्या पूरमैदानावर सर्वेक्षणासाठी खड्डे घेतले. पोत सिल्ट लोम, म्हणजे सिल्ट (वाळूहून बारीक, चिकणमातीहून जाडे कण) जास्त असलेली माती. वरचे ३० सेंमी एकसारखे तपकिरी, तिथून करडे डाग सुरू होतात, आणि ४५ सेंमीच्या खाली करडा रंगच जास्त, त्यात गंजासारखे तांबूस ठिपके. जुन्या नकाशात या पट्ट्याला ‘काहीसा अपुरा निचरा’ हा वर्ग दिलाय. सहकारी म्हणतात, खाली एवढा करडा रंग आहे तर सरळ ‘अपुरा निचरा’ लिहा. आणि अमेरिकी मृदा-वर्गीकरणातलं नाव द्यायची वेळ आली की एरिक फ्लुव्हाक्वेंट, अक्विक युडिफ्लुव्हेंट आणि फ्लुव्हाक्वेंटिक युट्रुडेप्ट या तिघांत गाडी अडते.

यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. निचऱ्याचा वर्ग सांगतो की जमीन वागते कशी: वर्षातला किती काळ आणि किती खोलीवर ती ओलीगच्च राहते. वर्गीकरणाचं नाव सांगतं की छेदात, म्हणजे खड्ड्याच्या उभ्या भिंतीत, पुरावा काय दिसतो. पहिल्यावरून दुसरं किंवा दुसऱ्यावरून पहिलं काढायला गेलं की पूरमैदानात हमखास फसायला होतं, कारण तिथे माती नवी येत राहते आणि पुरावा मागे राहतो.

आधी निचरा. अमेरिकी मृदा सर्वेक्षणाच्या पद्धतीत नैसर्गिक निचऱ्याचे सात वर्ग चालत आले आहेत: अति, काहीसा अति, चांगला, मध्यम चांगला, काहीसा अपुरा, अपुरा आणि अत्यंत अपुरा. आपला वर्ग पाचवा. त्याच्या व्याख्येत सेंटीमीटरचा आकडा नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. व्याख्या एवढंच म्हणते की पाणी सावकाश निघून जातं, त्यामुळे वाढीच्या हंगामातला लक्षणीय काळ जमीन उथळ खोलीवर ओली राहते, आणि कृत्रिम निचरा केल्याशिवाय बहुतेक सर्वसाधारण पिकांची वाढ अडखळते. आकडे प्रत्येक प्रदेशाच्या सर्वेक्षणात स्थानिक अनुभवावरून ठरतात. हंगामी पाणीपातळी साधारण १५ ते ६० सेंमीच्या दरम्यान चढत असेल तर जमीन सहसा या वर्गात बसते. पण तो आकडा व्याख्येचा भाग नाही.

शेतीच्या भाषेत सांगायचं तर ही जमीन पूर्ण चिबड नाही, पण वाफसा उशिरा येतो. शेजारच्या उंचवट्यावर औत चालू झालेलं असतं आणि इथे अजून चिखल पायाला चिकटत असतो.

आणखी एक घोटाळा इथेच मिटवू. पूर येणं, पाणी साचणं आणि निचरा या तीन निराळ्या गोष्टी आहेत. काठावरच्या वाळूमिश्रित उंचवट्यावर दर दोन वर्षांत एकदा पाणी चढत असेल, तरी दोन दिवसांत ते उतरलं आणि खाली झिरपलं की जमीन मोकळी होते, तिचा निचरा चांगलाच. उलट नदीपासून लांबच्या सखल भागात पूर क्वचित पोचतो, पण भूजल वर्षातले चार महिने गुडघाभर खोलीवर असतं. म्हणून पुराची वारंवारता वेगळी नोंदवतात: वर्षाला ५ ते ५० टक्के शक्यता असेल तर ‘अधूनमधून’, ५० टक्क्यांच्या वर गेली तर ‘वारंवार’. पूर टिकण्याचा काळही निराळा लिहितात: २ ते ७ दिवस ‘अल्प’, ७ ते ३० दिवस ‘दीर्घ’. पुराच्या खुणा दिसल्या म्हणून निचऱ्याचा वर्ग एक पायरी खाली ओढू नका.

पूरमैदान सपाट दिसतं, पण सपाट नसतं. पाणी काठ ओलांडतं तेव्हा त्याचा वेग एकदम पडतो, जड वाळू काठाजवळच टाकली जाते आणि तिथे नैसर्गिक बांध तयार होतो. सिल्ट थोडी पुढे जाते. चिकणमातीचे कण सगळ्यात लांब, मागच्या खोलगट भागात, संथ पाण्यात बसतात. आपली जमीन बहुधा या दोन टोकांच्या मध्ये सापडते: बांधाच्या मागच्या उतारावर, जुन्या वळणांच्या सऱ्यांमध्ये, बुजत आलेल्या प्रवाहमार्गांच्या कडेला. उंचीतला फरक अर्धा-एक मीटर. नुसत्या डोळ्यांना तो कळत नाही, पाण्याला कळतो. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत इंडियाना आणि इलिनॉयच्या नद्यांकाठी सिल्टी गाळावर अशा जमिनींची साखळीच, प्रत्येकीला स्वतःचं मालिका-नाव (सीरीज) देऊन, नकाशात उतरलेली आहे: चांगल्या निचऱ्याची हेमंड, मध्यम चांगल्या निचऱ्याची विल्बर, काहीशा अपुऱ्या निचऱ्याची वेकलँड आणि अपुऱ्या निचऱ्याची बर्ड्स. चारही सिल्टी गाळातल्याच. मुख्य फरक पाणी किती वर आणि किती दिवस राहतं याचा.

आता रंग, म्हणजे तुमच्या प्रश्नाचा गाभा. माती पाण्याने भरली की हवेची वाट बंद होते. उरलेला प्राणवायू सूक्ष्मजीव संपवतात, पण त्यांचा श्वास थांबत नाही. ते इलेक्ट्रॉन टाकायला दुसरी जागा शोधतात, आणि क्रम ठरलेला असतो: आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह, त्यानंतर सल्फेट, शेवटी मिथेन तयार होण्याची पायरी. लोहाची पाळी येते तेव्हा फेरिक लोह फेरस होतं, पाण्यात विरघळतं आणि जागा सोडतं. मातीच्या कणांवरचा तपकिरी लेप असा धुतला गेला की खाली राहतो तो सिल्ट आणि चिकणमातीचा स्वतःचा करडा रंग. विरघळलेलं लोह जिथे पुन्हा हवेला भेटतं, म्हणजे मुळांच्या पोकळ्यांत, भेगांच्या कडेने, तिथे ते गंज होऊन बसतं. करडा डाग म्हणजे लोह गेल्याची जागा, तांबूस ठिपका म्हणजे लोह आल्याची जागा. मँगनीज लोहाच्या आधी सुटतं, म्हणून कमी काळ ओल्या राहणाऱ्या थरांत अनेकदा काळे ठिपके दिसतात आणि करडा रंग मात्र फिकाच असतो.

मन्सेलच्या पुस्तकात, म्हणजे मातीचा रंग ताडून बघायच्या रंगपट्ट्यांच्या पुस्तकात, यासाठी जो आकडा पाहायचा तो क्रोमा, म्हणजे रंगाची तीव्रता. क्रोमा २ किंवा कमी आणि व्हॅल्यू (उजळपणा) ४ किंवा जास्त असेल तर तो लोह गेल्याचा डाग मानतात. रंग ओल्या मातीवर, ताज्या मोडलेल्या ढेकळावर आणि उघड्या उजेडात बघा. संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात बघितलेला क्रोमा ३ मी स्वतः दुसऱ्या सकाळी २ करून लिहिला आहे, आणि एकदाच नाही.

हे सगळं घडायला चार गोष्टी एकत्र लागतात: पाण्याने भरलेली माती, सूक्ष्मजीवांना खायला सेंद्रिय पदार्थ, त्यांना काम करता येईल इतकी ऊब, आणि पाणी जवळपास थांबलेलं. यातली एक जरी कमी पडली तरी जमीन ओली राहते पण रंग बदलत नाही. पूरमैदानात नेमकं हेच होतं. पुराचं वाहतं पाणी प्राणवायू घेऊन येतं. नवा गाळ कधी इतका कमी सेंद्रिय असतो की महिनाभर बुडूनही लोह जागचं हलत नाही. मूळ खडक लाल असेल तर हेमॅटाइट या लाल लोह-खनिजाचा रंग इतका दाट असतो की लोह गेल्याचा डाग झाकला जातो. आणि गाळ दहा-वीस वर्षांपूर्वीचाच असेल तर खुणा उमटायला वेळच मिळालेला नसतो.

उलटी फसवणूकही होते. वरच्या डोंगरउतारांवर जमीन फोडली गेली की धुपून आलेला तपकिरी गाळ जुन्या काळ्या मातीवर पसरतो. खड्ड्यात वर ५० सेंमी तपकिरी, खाली एकदम काळा थर. तो काळा थर म्हणजे कधीकाळचा पृष्ठभाग, त्याच्या खालचा करडा रंग त्या काळच्या पाण्याचा. आजचं पाणी कुठे आहे ते तो सांगत नाही. शिवाय नदीने पात्र खोल कापलं, किंवा कुणी जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या टाकल्या, तर पाणी उतरतं पण रंग तसाच राहतो. मदतीला येते ती ठिपक्याची कड. आजही घडत असलेल्या प्रक्रियेत तांबूस ठिपका मातीत विरघळत गेल्यासारखा, पुसट कडेचा दिसतो. कापल्यासारख्या तीक्ष्ण कडेचे कडक गोटे दिसले तर ते जुन्या काळचे किंवा दुसरीकडून वाहून आलेले असण्याची शक्यता जास्त. जिवंत मुळाभोवती ताजा गंजाचा लेप दिसला तर वाद संपला, ती खूण याच हंगामातली.

रंगावरून शंका राहिली तर अल्फा-अल्फा डायपिरिडिलचं द्रावण वापरा. फेरस लोह असेल तर माती गुलाबी-लाल होते. पण माती ताजी मोडलेली हवी, द्रावण अंधाऱ्या बाटलीत ठेवलेलं हवं, आणि फावडं घासलेल्या पृष्ठभागावर टाकू नये, कारण लोखंडी हत्यारच खोटा रंग देऊन जातं. रंग आला नाही तर मात्र काही सिद्ध होत नाही. तुम्ही कोरड्या महिन्यात उभे आहात, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

आता वर्गीकरण. गाय स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली सॉइल टॅक्सॉनॉमी, म्हणजे अमेरिकेची मृदा-वर्गीकरणाची पद्धत, १९७५ मध्ये आली. तिच्या आधीच्या व्यवस्थेत अशा बऱ्याच जमिनी नुसत्या ‘अलूव्हियल’ म्हणून एका पोत्यात जायच्या. ओलेपणाची आजची कल्पना मात्र १९९२ची आहे. तेव्हापासून ‘अक्विक स्थिती’ म्हणायला तीन गोष्टी लागतात: संपृक्तता (माती पाण्याने पूर्ण भरणं), क्षपण (प्राणवायू संपून लोह फेरस होणं), आणि त्यांनी मागे सोडलेल्या रंगखुणा. संपृक्ततेचेही प्रकार आहेत. खालून भूजल चढलेलं असेल आणि दोन मीटरपर्यंत सगळंच भरलेलं असेल तर ‘एंडो’. वर पाणी अडलेलं आणि त्याच्या खाली कोरडा थर असेल तर ‘एपि’. पूरमैदानात बहुधा एंडोच. पण सिल्टखाली चिकणमातीचा घट्ट पट्टा असेल तर तपासल्याशिवाय लिहू नका.

किल्ली, म्हणजे वर्गीकरणाची पायरीपायरीची प्रश्नावली, चालवताना तुमच्या छेदाचा निर्णय एका लहानशा पट्टीवर टेकतो: ४० ते ५० सेंमी. सिल्ट लोमसारख्या पोतात या पट्टीतल्या एखाद्या थरात निम्म्याहून जास्त मातीचा क्रोमा २ किंवा कमी असेल, सोबत तांबूस ठिपके असतील आणि अक्विक स्थिती असेल, तर जमीन ‘अक्व’ या ओल्या जमिनींच्या उपगणात जाते. तुमचा करडा रंग ४५ सेंमीवर बहुमतात येतो, म्हणजे जमीन उत्तीर्ण. तोच बदल ५२ सेंमीवर झाला असता तर ती उपगणाच्या बाहेर पडली असती. मग ५० सेंमीच्या आत करडे डाग आहेत एवढ्यावर तिला अक्विक युडिफ्लुव्हेंट म्हणावं लागलं असतं. सात सेंटीमीटरने उपगण बदललं, पाणी मात्र तिथेच. माझा सगळा मुद्दा याच उदाहरणात आहे.

दुसरा फाटा संरचनेचा. गाळाचे बारीक पापुद्रे अजून शाबूत आहेत का? ५ मिमीपेक्षा पातळ थर निम्म्याहून जास्त भागात दिसत असतील तर ती खडकी संरचनाच (मूळ गाळाची न बदललेली रचना) मानली जाते, कॅम्बिक थर (रचना बदललेला मातीचा थर) तयार झालेला नसतो आणि जमीन एंटिसॉल, म्हणजे अजून न विकसलेली, राहते. मुळं, गांडुळं आणि ओल-वाळीच्या फेऱ्यांनी ते पापुद्रे मोडून ढेकळांची रचना आली असेल, थर किमान १५ सेंमी जाड असेल आणि त्याची खालची कड २५ सेंमीच्या खाली असेल, तर इन्सेप्टिसॉल, म्हणजे थोडी विकसलेली जमीन. इथे घाई करू नका. ढेकूळ हातात घेऊन आडवं मोडा. पापुद्र्यांवर सुटलं तर गाळ, कोपऱ्यांवर सुटलं तर संरचना. वेगवेगळ्या माणसांनी घेतलेल्या शेजारशेजारच्या खड्ड्यांत सर्वात जास्त मतभेद मी याच मुद्द्यावर पाहिलेत.

तिसरी अट पूरमैदानाची सही आहे: सेंद्रिय कार्बन. सामान्य जमिनीत तो खोलीबरोबर हळूहळू, एकसारखा घटत जातो. गाळाच्या जमिनीत प्रत्येक पूर आपला वेगळा कार्बन आणतो, म्हणून तो वर-खाली होतो. २५ ते १२५ सेंमी दरम्यान ही घट अनियमित असणं, किंवा १२५ सेंमीवर होलोसीन काळातला (गेल्या साधारण बारा हजार वर्षांतला) कार्बन ०.२ टक्के किंवा जास्त असणं, यांपैकी एक हवं. त्यासाठी नमुने खोलवर घ्या. ६० सेंमीवर थांबलेल्या खड्ड्यातून ‘फ्लुव्ह’ (नदीचा गाळ) हा शब्द कुणी सिद्ध करू शकत नाही.

हे तिन्ही फाटे जोडले तर तुमच्या जमिनीची नावं अशी पडतात. पापुद्रे शाबूत असतील तर एरिक फ्लुव्हाक्वेंट. ‘एरिक’ कारण नांगरटीच्या किंवा २५ सेंमीच्या खाली आणि ७५ सेंमीच्या आत तुमच्याकडे एक थर आहे ज्यात निम्म्याहून जास्त माती अजून तपकिरी आहे, तो ३० ते ४५चा. वेकलँड मालिकेचं नाव हेच. पापुद्रे मोडले असतील तर तुमच्या यादीत नसलेलं चौथं नाव पुढे येतं: फ्लुव्हेंटिक एंडोअक्वेप्ट. न्यूआर्क नावाची मालिका, तीही काहीशा अपुऱ्या निचऱ्याची, जुन्या अहवालांत एरिक फ्लुव्हाक्वेंट होती आणि आता याच नावाने आहे. जमीन तीच, नियम हलले. फ्लुव्हाक्वेंटिक युट्रुडेप्ट तेव्हा लागेल जेव्हा कॅम्बिक थर आहे, पण करडा रंग त्या ४०-५०च्या पट्टीत बहुमत मिळवत नाही आणि ६० सेंमीच्या आत डाग मात्र दिसतात. आणि वरची माती मॉलिक नावाच्या वरच्या थराच्या निकषांइतकी गडद, जाड आणि आम्लारिसंपृक्त (कॅल्शियमसारख्या आम्लारींनी भरलेली) असेल तर तुम्ही मॉलिसॉलमध्येच जाता, हे सगळे फाटे मग त्या घरात पुन्हा चालवायचे. ‘युडि’ हा दमट हवामानाचा उपसर्गही आपोआप लावू नका. हवामान कोरडं असेल तर तिथे ‘उस्टि’ येईल.

खुणा अजिबात नाहीत पण विहिरीत पाणी दिसतं, अशी जमीन भेटली तर ‘ऑक्सिअक्विक’ हा उपगट आहे. सर्वसाधारण वर्षात सलग २० दिवस किंवा एकूण ३० दिवस ठरावीक खोलीच्या आत संपृक्त, पण अक्विक पुरावा नाही. नव्या गाळावर तो बराच उपयोगी पडतो.

जागतिक संदर्भ-व्यवस्थेत, म्हणजे डब्ल्यूआरबीमध्ये, हाच छेद ग्लेसॉल (भूजलाने ओली जमीन) किंवा ग्लेइक फ्लुव्हिसॉल (ओली गाळाची जमीन) होईल. २००६च्या आवृत्तीत फ्लुव्हिसॉल किल्लीत ग्लेसॉलच्या आधी यायचे, २०१४पासून ते जवळजवळ शेवटाला गेले. म्हणून जुन्या नकाशावर फ्लुव्हिसॉल असलेली ओली जमीन आज ग्लेसॉल निघू शकते. दोन अहवाल ताडून बघताना आवृत्ती आधी बघा.

वापराच्या दृष्टीने थोडंच लिहितो, कारण तुम्ही विचारलेलं नाही. सिल्टमध्ये केशाकर्षण जोरदार असतं, त्यामुळे पाणीपातळी ६० सेंमीवर असली तरी तिच्या वरची बरीच माती ओलीच राहते, मुळांना प्राणवायू त्याहून उथळ भागातच मिळतो. ओलेपणी यंत्र घातलं तर नांगरटीखाली घट्ट थर बसतो, आणि मग पाणी वरून अडतं, एंडोच्या डोक्यावर एपि चढतं. नायट्रेट विनायट्रीकरणाने हवेत जातं, म्हणून नत्र एकदम देण्यात तोटा आहे. उलट लोह विरघळताना त्याला बांधलेला स्फुरद सुटा होतो. मात्र निचरा करून घेतला तर याच जमिनी उत्तम पिकतात, कारण सिल्ट लोमची ओल धरून ठेवण्याची ताकद मोठी असते.

आता सहकाऱ्यांच्या मुद्द्याकडे. खाली करडा रंग किती आहे यावर निचऱ्याचा वर्ग ठरत नाही, तो वर कुठवर आलाय यावर अंदाज बांधतात. अपुऱ्या निचऱ्याच्या जमिनीत करडा रंग सहसा नांगरटीच्या थराला लागूनच बहुमताने सुरू होतो. तुमच्याकडे ३० सेंमी स्वच्छ तपकिरी आणि त्याखाली १५ सेंमी डागाळलेलं तपकिरी आहे. जुना नकाशा बरोबर वाटतो. फक्त हे वरचे ३० सेंमी अलीकडचा गाळ नाहीत ना, एवढं तपासा. ३०च्या आसपास गडद रेषा, दबलेला पालापाचोळा किंवा पोतात एकदम बदल दिसला, तर सहकाऱ्यांना अर्धे गुण द्यावे लागतील.

आजचं पाणी खरंच कुठवर चढतं हे ठरवायला नुसता खड्डा पुरणार नाही. एकाच जागी ५०, १०० आणि २०० सेंमी खोलीच्या तीन पीझोमीटर नळ्या (फक्त तळाशी उघड्या) उभ्या करा आणि शेजारी संपूर्ण लांबीला छिद्रं असलेली एक निरीक्षण नळी. ओल्या हंगामात आठवड्यातून एकदा, पूर ओसरल्यावर पहिले दहा दिवस रोज वाचन घ्या. उथळ नळीत पाणी आणि खोल नळी कोरडी, तर एपि. सगळ्यांत पाणी एकाच पातळीवर, तर एंडो. ते वर्ष पावसाच्या दृष्टीने सर्वसाधारण होतं की नाही, हे नोंदीत लिहा. तोवर अहवालात निचऱ्याच्या रकान्यात ‘काहीसा अपुरा’, पुराच्या रकान्यात वारंवारता आणि काळ, आणि वर्गीकरणात पापुद्र्यांच्या तपासणीवरून एरिक फ्लुव्हाक्वेंट किंवा फ्लुव्हेंटिक एंडोअक्वेप्ट, असं लिहून ठेवा. करडा रंग ४५ ऐवजी ५०च्या खाली बहुमतात येणारे किती खड्डे निघतात तेही मोजा. ते निम्म्याच्या आसपास निघाले तर नकाशात एका नावाचा हट्ट न धरता दोन्ही जमिनींचं संमिश्र एकक आखा.